तळ्यातला मनोरा, आणि मी न वाचलेली नोटीस

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

मागच्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्याच एका पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. हिंजवडीत नोकरीला होता, पुण्यात जाऊन जर्मन शिकला, आता कंपनीने तिकडेच पाठवलंय. सुट्टीत फिरायला गेला होता. फोटोत निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर, आणि तळ्याच्या मधोमध पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. नुसता मनोरा. चर्च नाही, गाव नाही, काही नाही. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, इथे सगळे सेल्फी काढतायत. मला मात्र आपलं धरण आठवलं."

मी म्हटलं, असेल कुठलं तरी पर्यटनस्थळ. पण रात्री झोप येईना म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता दोन वाजले. त्या गावाचं नाव ग्राऊन. देश इटली, पण भाषा जर्मन. ही काय भानगड, ते सांगतो.

इटलीच्या अगदी उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून दक्षिण टिरोल नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेच्या खोऱ्याला फिन्श्गाऊ म्हणतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. लोक जर्मन बोलणारे, गुरं पाळणारे, गवत कापून हिवाळ्यासाठी साठवणारे शेतकरी. ऑस्ट्रिया युद्ध हरला, १९१९ च्या तहात हा प्रांत इटलीला मिळाला. लोकांना कुणी विचारलं नाही. झोपले ऑस्ट्रियात, उठले इटलीत.

मग १९२२ ला मुसोलिनी आला. शाळेतून जर्मन भाषा बंद. कचेरीत इटालियनच बोलायचं, इटालियनच लिहायचं. गावांची, डोंगरांची, नद्यांची हजारो नावं बदलून टाकली. ग्राऊनचं कुरोन झालं. लोक पोरांना रात्री कुणाच्या तरी तळघरात, माळ्यावर जमवून चोरून जर्मन शिकवायचे. सापडले की शिकवणाऱ्याला शिक्षा. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपापसात ठरवून या लोकांपुढे दोनच रस्ते ठेवले. जर्मन राहायचं असेल तर घरदार सोडून जर्मनीत जा, घरदार पाहिजे असेल तर इटालियन होऊन राहा. बहुसंख्य लोकांनी जायचं म्हणून कागदावर लिहून दिलं. प्रत्यक्षात गेले साधारण पाऊण लाख. पण भाऊ इकडे, बहीण तिकडे, असं घराघरात झालं. गावात एकमेकांशी बोलणं बंद झालं.

आता या सगळ्या गोंधळात धरण येतं.

ग्राऊन समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. शेजारी रेशन नावाचं गाव (आपल्या रेशनच्या दुकानाशी संबंध नाही). तिथे तीन नैसर्गिक तळी होती. त्यातल्या दोन तळ्यांचं पाणी पाच मीटरने वाढवायचं, अशी जुनी योजना होती. तेवढं लोकांनी मनाशी मान्य केलं होतं. पण माँतेकातिनी नावाच्या बड्या इटालियन कंपनीने नवी योजना आणली. पाच नाही, बावीस मीटर. म्हणजे ग्राऊन पूर्ण पाण्याखाली, रेशनचाही मोठा भाग पाण्याखाली.

या योजनेची नोटीस गावात लागली होती, बरं का. कायदा पाळला गेला. १९४० मध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद चिकटवला, हरकतीची मुदत दिली, मुदत संपली. हरकत आली नाही म्हणून मंजुरी मिळाली. कागद इटालियन भाषेत होता. गावाची भाषा जर्मन.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. का, ते शेवटी सांगतो. आधी आपल्या घरचं बोलू.

आपला तालुका मुळशी. कचेरी पौडला. बाहेरून आलेला माणूस विचारतो, मुळशी नेमकी कुठंय हो? आपण हात करतो ताम्हिणीच्या दिशेला आणि म्हणतो, तिकडे, धरणापाशी. गाव विचारलं तर धरण दाखवायचं, याची आपल्याला इतकी सवय झालीय की त्यात काही वेगळं वाटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी तिथे निळा आणि मुळा या दोन नद्यांचा संगम होता आणि त्यांच्या काठाने भाताची खाचरं होती. आंबेमोहर. ज्यांनी डोंगराळ भागात शेती केलीय त्यांना हे सांगायला नको की खोऱ्यात सोनं असतं ते तळाला. वरच्या उतारावर नाचणी, वरई, जे येईल ते. माती धुपते, पाणी थांबत नाही. भात पिकतो तो खाली, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, चिखल करून खाचर तयार केलेलं असतं. ग्राऊनमध्येही तेच. वर खडक आणि बर्फ, खाली गवताची कुरणं. कुरण गेलं की गुरं गेली, गुरं गेली की शेतकरी संपला. धरण नेमकं हेच खातं. उतार ठेवतं, तळ खातं. मग सरकारी माणूस म्हणतो, "तुमची सगळी जमीन कुठे गेली? वरचा डोंगर आहे की."

पाणी मुंबईसाठी नव्हतं, वीज मुंबईसाठी होती. गिरण्यांना वीज पाहिजे होती. सह्याद्रीच्या या बाजूला पाऊस अफाट आणि पलीकडे एकदम खोल कोकण. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून उलटं फिरवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचं. इंजिनीअरच्या नजरेने बघितलं तर कमाल आहे, मी ते नाकारत नाही. खोपोलीला १९१५ पासून असं वीजघर चालू होतं. टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली आणि तिची नजर आपल्या खोऱ्यावर आली. त्याच पाण्यावर आज कुंडलिकेत पुणे-मुंबईची पोरं राफ्टिंग करतात.

जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. सरकारने मनावर घेतलं तर कंपनीसाठीही जमीन घेता येत होती. लोकांना पहिल्यांदा कळलं ते कागदावरून नाही, शेतात चर खणायला माणसं आली तेव्हा. विचारायला गेलेल्या शेतकऱ्यावर गोऱ्या साहेबाने पिस्तूल रोखलं, असं या लढ्याच्या इतिहासात सांगितलं जातं.

पुढचं तुम्ही शाळेत दोन ओळींत वाचलेलं आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. साधारण बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा एकच, जान किंवा जमीन. मजूर काम सोडून बाजूला झाले. महिन्याभरातच कंपनीला सहा महिने काम थांबवायचं कबूल करावं लागलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहिलं की टाटांनी नुसत्या कायदेशीर हक्कावर बोट न ठेवता लोकांशी बोलावं. डिसेंबरात काम पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, आणि पारनेरहून आलेले पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले ते याच लढ्यात. बाया मागे नव्हत्या, त्याही तुरुंगात गेल्या. शेवटी शेवटी बापट अहिंसेच्याही पलीकडे गेले. कामगारांची रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. बावन्न गावं आणि साधारण अकरा हजार माणसं असा आकडा सांगतात. गेली.

पण हरलो का, हे शाळेच्या पुस्तकात नसतं. प्राध्यापक राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर सविस्तर अभ्यास केला. त्यांचं इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं, आणि त्याच्या नावातच हा जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचं म्हटलंय. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ते असायला हवं. त्यात एक गोष्ट टोचते. खोऱ्यातली पुष्कळ जमीन सावकारांकडे गेलेली होती. कागदावर मालक पुण्यात, चिखलात पाय मावळ्याचे. लढ्याला जसा वेळ लागला तसे दोन तट पडले. एक म्हणत होता धरणच नको. दुसरा म्हणत होता मोबदला चांगला घ्या. ज्याचं नाव कागदावर, त्याला मोबदला परवडत होता. त्याला जमिनीचे पैसे होणार होते. जो कूळ म्हणून कसत होता त्याचं नावच कुठे नव्हतं. त्याच्यासाठी मोबदला म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण, लांबून वास घ्यायचा. पुण्यातल्या पुढाऱ्यांनी हळूहळू हात काढून घेतला आणि खोऱ्यातला माणूस एकटा पडला.

हे लिहिलं की काही लोक लगेच जातीवर घेऊन जातात. कृपा करून नको. भुस्कुटे, बापट, देव कुठून आले होते ते बघा आणि मग बोला. मुद्दा कागदाचा आहे. कागदावर कोण आहे आणि कागद कुणाला वाचता येतो, हा.

आणखी एक अवघड गोष्ट. कंपनी गोऱ्या साहेबाची नव्हती, आपल्याच देशातली होती. स्वदेशी उद्योग, देशाची प्रगती, मुंबईच्या गिरण्यांना काळ्या धुराऐवजी पांढरी वीज. पुण्यामुंबईच्या शहाण्या माणसाला याच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे जिभेवर दगड ठेवल्यासारखं होत असणार. इंग्रजाविरुद्ध बोलणं सोपं होतं. आज आपणही तिथेच अडकतो. रस्त्याला विरोध केला की "विकास नको का तुम्हाला?"

ग्राऊनला तरी एक सोय होती. त्यांना म्हणता येत होतं की हे परके लोक, परकी भाषा. म्हणून त्यांचा लढा नंतरही विझला नाही. युद्धामुळे काम थांबलं तेव्हा लोकांना वाटलं, टळलं. मुसोलिनी गेला, फॅसिस्ट गेले, आता लोकशाही आलीय, आता कोण गाव बुडवतंय! पण कंपनी तीच होती आणि कागदही तेच होते. मंजुरी फॅसिस्ट काळातली, ती लोकशाही सरकारने तशीच चालू ठेवली. स्विस पैसा आला, बदल्यात हिवाळ्यातली वीज स्वित्झर्लंडला द्यायची ठरलं. गावचे पाद्री आल्फ्रेड रीपर रोमला गेले, थेट पोपला भेटले. पोपनेही ऐकून घेतलं. ऐकून घेणं म्हणजे काय, हे तहसील कचेरीत निवेदन दिलेल्या कुणालाही विचारा.

१९५० च्या जुलैत चर्चच्या घंटा खाली उतरवल्या. त्याच महिन्यात चर्च सुरुंगाने उडवलं. घरं उडवली. १६३ घरं आणि ५२३ हेक्टर शेतजमीन पाण्याखाली गेली. मनोरा चौदाव्या शतकातला, त्याला वारसा म्हणून संरक्षण होतं, म्हणून तो तेवढा ठेवला. माणसांच्या घरांना संरक्षण नव्हतं. लोक काही दिवस लाकडी बराकीत राहिले. वरच्या बाजूला नवं ग्राऊन बांधलं, पण तिथे गवत कुठलं? निम्म्याहून जास्त कुटुंबं गुरं विकून निघून गेली. हिवाळ्यात तळं गोठतं, लोक चालत मनोऱ्यापर्यंत जातात. थंडीच्या रात्री घंटा ऐकू येतात, असं तिथले म्हणतात. घंटा तर पाणी भरायच्या आधीच काढलेल्या होत्या.

पुढची गोष्ट मात्र आपल्यापेक्षा वेगळी झाली. या जर्मन बोलणाऱ्या लोकांनी भाषेच्या नावावर एकजूट धरली आणि १९७२ मध्ये प्रांताला भक्कम स्वायत्तता मिळवली. आज ग्राऊनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोक जर्मन बोलतात, पाट्या दोन्ही भाषांत, शाळा जर्मन. आणि त्या धरणाची वीज आता प्रांताच्या आणि तिथल्या नगरपालिकांच्या मालकीच्या कंपनीकडे आहे. गाव परत आलं नाही. पण खोऱ्यातल्या पाण्याचा पैसा निदान त्याच प्रांतात खेळतो. आपल्या धरणाचं पाणी पुण्याला द्यावं की नाही यावर दर उन्हाळ्यात चर्चा होते, पुण्याचे नेते बोलतात, मुंबईचे अधिकारी बोलतात. ज्यांच्या खाचरांवर ते पाणी उभं आहे त्यांच्या नातवंडांना त्या बैठकीला बोलावल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी वीस वर्षं बातम्या करतोय, मी नाही ऐकलं.

एक योगायोग बघा. २०२१ चा एप्रिल. मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली आणि आपण सगळे कोरोनाच्या निर्बंधांत घरात बसलो होतो. मी एक छोटा लेख लिहिला, चार लोकांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला. त्याच वसंतात तिकडे दुरुस्तीसाठी तळ्याचं पाणी बरंच खाली केलं होतं. सत्तर वर्षांनी ग्राऊनच्या भिंती, पायऱ्या, तळघरं उघडी पडली. मे महिन्यात जगभरच्या पेपरात फोटो आले. तिथल्या माणसाला त्या चिखलात उभं राहून सांगता आलं असेल, ही आमची पायरी.

आपल्याकडे ते होत नाही असं नाही. मे महिन्यात पाणी आत गेलं की काठाला घडीव दगड दिसतात, जोत्यासारखे. दोन वर्षांपूर्वी मी एका आजीबरोबर तिथे गेलो होतो. वय नव्वदीच्या घरात. त्यांचा जन्मच धरणानंतरचा, पण सासू तिथली होती. आजी एका दगडापाशी थांबल्या, म्हणाल्या, "आत्याबाई सांगायच्या, दाराशी आंब्याचं झाड व्हतं." कुठल्या दाराशी, कुठलं झाड, काही कळायला मार्ग नाही. मागे रस्त्यावर गाड्या लागलेल्या, मक्याची कणसं भाजली जातायत. आजींनी दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाल्या, चल, ऊन लागतंय.

परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं. त्यांच्या नातवाची थोडी जमीन एका प्रकल्पात गेली होती, अलीकडेच. "तू पेपरात असतोस ना रे? मग आमाला सांगितलं का न्हाईस?"

मी म्हटलं, "आजी, नोटीस आली होती पेपरात." 

आली होतीच. मला पक्कं माहीत होतं, कारण ती मी लावली होती. तेव्हा मी एका छोट्या साप्ताहिकात होतो. सरकारी नोटिशीची जाहिरात म्हणजे आमच्यासाठी महिन्याच्या कागदाचं बिल. आठव्या पानावर, बारीक टाइपात, गट नंबरांची रांग. पान लावताना मी तिची लांबी मोजली, जागेत बसते का बघितलं, आणि खाली उरलेल्या जागेत वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या. एक ओळही वाचली नाही. पदविकेच्या वर्गात आम्हाला बातमी म्हणजे काय हे शिकवलं होतं. अडतीस शेतकऱ्यांची जमीन जाणार ही बातमी आहे, हे मला कळायला हवं होतं. ती माझ्या हातातून गेली आणि मी तिला जाहिरात म्हणून सोडून दिलं.

ती नोटीस मराठीत होती. सध्याच्या २०१३ च्या कायद्यातही प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावायची, पेपरात द्यायची आणि हरकतीला ६० दिवस द्यायचे, असं आहे. सगळंच संपादन या कायद्याने होत नाही, दुसऱ्या कायद्यांत मुदत आणखी कमी असते, हेही लक्षात ठेवा. पण भाषेचं बघा. "उक्त जमिनीच्या संदर्भात हितसंबंधित व्यक्तींनी विहित मुदतीत आक्षेप सादर न केल्यास" ही अशी मराठी. ग्राऊनच्या शेतकऱ्याला इटालियन येत नव्हती, तो निदान म्हणू शकला की भाषा माझी नाही. आपल्या आजीने काय म्हणायचं?

म्हणून लॅपटॉप बंद केला होता.

आता कामाचं. येत्या सोमवारपासून दर आठवड्याला मी पौड आणि आसपासच्या कचेऱ्यांतल्या, ग्रामपंचायतींच्या फलकावरच्या संपादनाच्या नोटिशींचे फोटो या पेजवर टाकणार आहे. खाली साध्या मराठीत चार ओळी. कुठलं गाव, कुठले गट नंबर, हरकत कुठे द्यायची, शेवटची तारीख कोणती. मला सगळीकडे जाणं जमणार नाही. तुमच्या गावात काही लागलं तर फोटो काढून पाठवा, आणि फोटोत तारीख दिसेल असा काढा.

आणि ज्यांची मूळ घरं धरणात गेली त्यांना एक विनंती. तुमच्या खापरपणजोबांचं गाव कुठलं होतं, ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. कसणारा कूळ होता का मालक होता, माहीत असेल तर तेही. दाराशी कसलं झाड होतं हे कुणी सांगितलं असेल तर तेवढंच लिहिलं तरी चालेल.